सुताच्या काट्यावर तोललेली माणसे

पार्वतीअक्कांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी तहानेने कासावीस झालो होतो, आणि भेट संपत आली तेव्हा इतकी लघवीला लागली होती की मला धड उभे राहवत नव्हते. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला समजते. संपादक मंडळींनी हे वाक्य काढायचे ठरवले तर माझी हरकत नाही. पण डॉ. पार्वती हिरेमठ यांच्या हाताखाली ज्यांनी ज्यांनी काम केले ते हे वाचून ओळखीचे हसतील, कारण त्यांचीही पहिली भेट अशीच झाली आहे.

सोलापुरातल्या ज्या धर्मादाय रुग्णालयात अक्कांनी आपली सारी उमेद खर्च केली, तिथे मी नुकताच डॉक्टर होऊन उमेदवारीला लागलो होतो. आदल्या दिवशी निरोप आला की रात्रीच्या जेवणानंतर पाणी प्यायचे नाही आणि सकाळी तसेच वॉर्डात यायचे. दिवस मे महिन्याचे. सकाळी आम्ही नवे डॉक्टर कोरड्या जिभेने रांगेत उभे राहिलो. समोर इरकली लुगडे, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि गळ्यात स्टेथोस्कोप अशा अक्का. त्यांनी प्रत्येकाला काचेचा एक पेला दिला आणि मोरीकडे बोट दाखवले. आम्ही लाजत लाजत आणलेले पेले त्यांनी खिडकीत उन्हाला मांडले. रंग काळपट पिवळा, आणि पेल्यात असून असून किती, तर तळाशी थोडेसे. मग प्रत्येकाला तांब्याभर पाणी प्यायला लावले आणि बसवून ठेवले. मध्ये कुणी चुळबुळ केली तर म्हणायच्या, "थांब की रे, तम्मा." तम्मा म्हणजे कन्नडमध्ये धाकटा भाऊ. अक्का अक्कलकोटकडच्या. त्यांच्या मराठीत कन्नड असे सहज येऊन बसते.

शेवटी सोडले तेव्हा दुसरा पेला काठोकाठ भरला होता आणि त्यातून खिडकीबाहेरचे झाड दिसत होते. दोन्ही पेले शेजारी ठेवून अक्का म्हणाल्या, "हे बघा. तुम्ही काही केलं नाहीत. नुसते बसला होता. तुमच्या कमरेतल्या दोन मूत्रपिंडांनी केलं. दिवसभरात ती कैक घागरी पाणी रक्तातून गाळतात आणि जवळजवळ सगळं परत अंगात घेतात. किती परत घ्यायचं आणि किती सोडायचं, हा त्यांचा निवाडा. अंगात पाणी कमी पडलं की मेंदूच्या तळाकडून निरोप सुटतो, राखा. पाणी भरपूर झालं की निरोप थांबतो, मग सोडतात. तुम्ही झोपा, भांडा, परीक्षेत नापास व्हा, हे चालूच असतं. हे बंद पडलं की काय होतं, ते आता वॉर्डात चला, दाखवते."

पुस्तकात हेच सारे मी पाठ केले होते. पण ते माझ्या स्वतःच्या पोटात घडत असते, ही गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कळली. आणि खरे सांगायचे तर त्या दिवसापासून मला त्याची धास्तीच बसली.

धास्ती हा माझा स्वभावच आहे. बरोबरचे डॉक्टर मला धास्तीराव म्हणत. दाराला कडी लावली की नाही हे मी परत जाऊन पाहतो, इंजेक्शनची बाटली भरताना तिच्यावरचे नाव परत परत वाचतो. अशा माणसाला अक्कांनी हाकलून दिले असते तर नवल नव्हते. त्यांनी तसे केले नाही. माझा चेहरा उतरलेला दिसला की त्या म्हणत, "अंजब्याड." भिऊ नकोस. आणि लगेच पुढे, "भीती वाटते ना? मग तोलून बघ."

हे तोलणे म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवे. अंगात पाणी साठून सुजलेल्या रोग्याला उभे राहता येत नाही, आणि पडलेल्या माणसाचे वजन घ्यायचा काटा आमच्याकडे नव्हता. अक्कांनी औषधपाणी केलेल्या एका तेलुगू सूतव्यापाऱ्याने आपल्या गोदामातला सुताचे गठ्ठे तोलायचा जुना काटा आणून दिला. त्यावर अख्खी बाज मावते. रोज सकाळी रोग्याला गादीसकट हलक्या बाजेवर घेऊन ती बाज काट्यावर चढवायची, आणि बाजेचे, गादीचे, उशीचे ठरलेले वजन वजा करायचे. हे काम इमामभाईंचे. ते पूर्वी सूतबाजारात हमाल होते, त्यामुळे गोदामात गठ्ठ्याचे वजन पुकारतात तसे रोग्याचे वजन मोठ्याने पुकारायचे. नवे नातेवाईक दचकत. "माणूस एका दिवसात चरबीने जाड होत नाही," अक्का आम्हाला सांगत. "कालच्यापेक्षा चढलं ते पाणी, उतरलं तेही पाणी. रोगी खोटं बोलेल, नातेवाईक बोलतील, तुम्ही तर बोलालच. काटा बोलत नाही." हे शेवटचे वाक्य पुढे त्यांनी स्वतःच मागे घेतले. ते कसे, ते आता सांगायचे आहे. येत्या समारंभात याच काट्यावर अक्कांची गूळतुला व्हायची आहे आणि तशी सूचना मी केली होती, हेही इथेच नोंदवतो. का केली, ते मी समितीलाही अजून सांगितलेले नाही.

बाहत्तर सालच्या दुष्काळात माझा थोरला भाऊ आमच्या तालुक्यातल्या दुष्काळी कामावर मुकादम होता. रस्त्याची खडी फोडायचे काम. उन्हाने तापलेले दगड हाताला भाजायचे, पाणी टँकरचे. तिथे जुलाब-उलट्यांची साथ आली आणि दादा तिच्यात सापडला. तालुक्याच्या गावी सलाईन दिल्याने जीव वाचला. पण अंग इतके सुकून गेले होते की मूत्रपिंडांना रक्तच पुरले नाही, आणि त्यांनी काम थांबवले. लघवी बंद झाली. ती होत नाही म्हणून घरच्यांनी आणि गावच्यांनी मिळून जे करायचे तेच केले, दादाला पाणी पाजले. जिऱ्याचे पाणी, बार्लीचे पाणी, कुणी कुठून मिळवलेली शहाळी. दुष्काळात लोकांनी स्वतःच्या तोंडचे पाणी त्याला दिले. एसटीने त्याला सोलापुरात आणले तेव्हा तोंड इतके सुजले होते की माझा भाऊ मला क्षणभर ओळखू आला नाही. श्वास घेताना छातीत बुडबुडल्यासारखा आवाज येत होता. मी डॉक्टर आहे हे कुणाला सांगायची लाज वाटली.

अक्कांनी पहिल्यांदा पाणी बंद केले. दिवसभरात मोजके चार घोट, तेवढेच. आमची आई बाजेशी बसली होती, ती उसळून उठली.

"लघवी व्हईना म्हनून तर पाजलं की वो. वरनं पाणी सोडल्याबिगर पाट वाहील व्हय?"

अक्का तिच्याजवळ खाली बसल्या. "मावशी, पाट तुंबलाय. तुंबल्या पाटात वरनं सोडलं तर पाणी कुठं जातं?"

"रानात शिरतंय."

"तेच झालंय. ते त्याच्या छातीत शिरलंय."

आई हळूच म्हणाली, "तहानेल्या लेकराला आईनं न्हाय म्हनायचं?"

"तुम्ही म्हणू नका. मी म्हणते. त्याला सांगा, ती बाई देऊ देत नाही," अक्का म्हणाल्या. शहाळी आणि मोसंबी तर त्यांनी वॉर्डाच्या दारातच अडवली. त्यांतला क्षार मूत्रपिंडे बाहेर टाकू शकली नाहीत तर तो चढत चढत काळीज थांबवतो. प्रेमाने आणलेले शहाळे माणूस मारू शकते, हे नातेवाइकांना पटवण्यात अक्कांची निम्मी शक्ती जायची.

इथे त्यांची एक रीत सांगतो. ज्या वॉर्डात पाणी बंद असलेला एक जरी रोगी असेल तिथे अक्का स्वतः पाणी पीत नसत, चहाही नाही. सोलापूरच्या उन्हात, सकाळपासून दिवस कलेपर्यंत. दादा एकदा त्यांच्यावर चिडून म्हणाला, "तुमाला काय, घरला जाऊन घटाघटा प्याल." अक्कांनी जीभ बाहेर काढून त्याला दाखवली. ती त्याच्याइतकीच कोरडी होती. त्यानंतर दादाने पाणी मागायचे सोडले नाही, पण चिडायचे सोडले.

मूत्रपिंडे कायमची गेली की नुसती थांबली, हा प्रश्न मी अक्कांना इतक्या वेळा विचारला असेल की दुसऱ्या कुणी मला बाहेर काढले असते. सोलापूर गिरण्यांचे गाव, त्या गिरणीच्याच भाषेत उत्तर द्यायच्या. "गिरणी बंद पडलेली नाही, तम्मा. संप आहे. संप मिटेपर्यंत घर चालवायचं, एवढंच आपल्या हातात." घर चालवायचे म्हणजे मूत्रपिंडांचे काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यायचे. रक्त बाहेर काढून धुणारे यंत्र मुंबईला होते. तिथवर दादा पोचला नसता. अक्कांनी त्याचे पोटच कामाला लावले. बेंबीखाली भूल देऊन पोटात एक नळी घातली. बाटल्यांतले साखर-मिठाचे पाणी गरम पाण्याच्या बादलीत कोमट करून त्या नळीतून आत सोडायचे, थोडा वेळ थांबायचे, मग त्याच बाटल्या जमिनीवर ठेवायच्या की पाणी आपोआप खाली उतरते. पोटाच्या आत जो पातळ पडदा असतो त्यातून रक्तातली घाण या पाण्यात येते, आणि पाण्यातली साखर अंगातले जादा पाणीही ओढून आणते. सोडले त्याहून जास्त परत आले की समजायचे, छातीतले पाणी उतरते आहे.

ऐकायला सोपे वाटते. मी त्या बाटल्यांपाशी बसलो होतो, मला विचारा. परत आलेले पाणी गढूळ दिसले तर पोटात पू झाला. धार थांबली तर नळी चोंदली. बाटल्या मुंबईहून रेल्वेने येत, आणि मालगाडी उशिरा आली की मी उरलेल्या बाटल्या पुन्हा पुन्हा मोजायचो. एकदा धार खरोखरच थांबली. मी अक्कांना बोलवायला धावलो, त्या आल्या, दादाला या कुशीवरून त्या कुशीवर वळवला, आणि धार पुन्हा लागली. मला म्हणाल्या, "तू इथं भाऊ म्हणून बस. डॉक्टर मी आहे. दोन्ही कामं तुला झेपायची नाहीत." मला त्या वेळी ते लागले. पण त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी झोपलो.

वजन उतरू लागले. इमामभाई रोज सकाळी आदल्या दिवशीपेक्षा कमी आकडा पुकारायचे आणि अक्का मान हलवायच्या. दादाचे तोंड पुन्हा दादासारखे दिसू लागले. काही दिवसांनी बाटलीत थोडी लघवी दिसली. दुसऱ्या दिवशी जास्त. मग ती सुटलीच. संप मिटला होता. वॉर्डात सगळ्यांनी एकमेकांना पेढे द्यायचे तेवढे राहिले होते. अक्का मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आता खरी काळजी. मूत्रपिंडं जागी झाली आहेत, पण अजून भानावर नाहीत. गाळतात, पण राखायचं विसरली आहेत. सगळं पाणी आणि मीठ सोडून देतील. जेवढं जाईल तेवढं भरून द्यायचं. आणि किती गेलं ते काटा सांगेल."

काट्याने सांगितले की काही गेले नाही.

आम्ही देत होतो त्याहून कितीतरी जास्त लघवी होऊन बाटल्यांवर बाटल्या भरत होत्या आणि वजन जागचे हलत नव्हते. दुसऱ्या सकाळीही तेच. याचा सरळ अर्थ आम्हा सगळ्यांना एकच दिसला, कुणीतरी दादाला चोरून पाणी पाजत आहे, आणि भरपूर पाजत आहे. संशय कुणावर, हे सांगायला नको. सिस्टरनी आईला फैलावर घेतले. आईने गळ्याला हात लावून शपथ घेतली, "थेंब दिला असंल तर माजी जीभ झडू दे." अक्कांनी तिला काही विचारले नाही. पण अंगात पाणी साठलेलेच आहे असे काटा सांगत असताना आणखी पाणी देणे त्यांना धोक्याचे वाटले. त्यांनी हात आखडता घेतला.

दादा मात्र बिघडत होता. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. डोळे आत गेले होते. नाडी माझ्या बोटांखाली धाग्यासारखी लागत होती. महामुश्किलीने मागे आणलेला भाऊ आता माझ्या डोळ्यांदेखत निघून चालला होता आणि का, ते कळत नव्हते. तेवढ्यात इमामभाईंनी मला हाक मारली. "साब, खाटकू मुंग्या लग्या देखो."

बाजेच्या पायावर मुंग्यांची रांग होती. माझ्यासारख्याच्या डोक्यात काय आले असेल, सांगा. मुंग्या म्हणजे साखर. एवढे साखरेचे पाणी पोटात सोडले, ती रक्तात चढली, लघवीत उतरली, म्हणूनच लघवी अशी धो धो होते आहे, म्हणूनच दादा असा सुकतो आहे. मी लघवी घेऊन धावलो, निळ्या औषधात उकळून पाहिली. साखर असती तर रंग विटकरी झाला असता. निळाच राहिला. पुन्हा उकळली. निळाच. ती काचेची नळी हातात घेऊनच मी अक्कांकडे गेलो, आणि बोलताना मला रडू आले.

अक्का आल्या. काट्याकडे पाहिले नाही. दादाच्या छातीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. चिमटीचा उंचवटा तसाच राहिला. त्यांनी जिभेला बोट लावले. मग म्हणाल्या, "काटा म्हणतो ओला आहे. माणूस म्हणतो कोरडा आहे. दोघांतला एक खोटं बोलतोय, आणि माणसाला बोलायची ताकद नाही. तम्मा, मुंग्या लघवीच्या बाटलीकडे जातात का?"

जात नव्हत्या. त्या बाजेवर चढून दादाच्या गुडघ्यांकडे जात होत्या. पोटात नळी असताना पाय सैल राहावेत म्हणून त्याच्या गुडघ्यांखाली आईने गावाहून आणलेल्या घोंगडीची वळकटी ठेवलेली होती. तिचे वजन पहिल्याच दिवशी घेऊन वजा केलेले होते. अक्कांनी ती ओढून घेतली आणि उलगडली. आत लुगड्याच्या फडक्यांत बांधलेली गुळाची ढेकळे होती. एक नाही, बरीच.

आई भिंतीला टेकून उभी होती. तिने काही लपवले नाही. दादाला आणले त्या दिवशी तिने सिद्धेश्वराच्या देवळात जाऊन नवस बोलला होता, लेक वाचला तर त्याच्या वजनाइतका गूळ वाहीन. मग रोज सकाळी इमामभाई वजन पुकारू लागले आणि ते रोज उतरू लागले. "देवाला बोलले त्या दिशी एवडं मोट्टं वजन हुतं," आई म्हणाली. "रोज कमी कमी हुया लागलं. देव म्हनंल, म्हातारी फसवाया लागली. म्हनून जेवडं उतरंल तेवडा गूळ ठेवत हुते. वजन देवाला बोलल्यालं ऱ्हावं म्हनून."

पहिल्यापहिल्यांदा तिला गूळ थोडाच मिळाला होता, त्यामुळे उतरलेले वजन आम्हाला दिसत राहिले. पुढे गावाहून मामाने पोते पाठवले आणि तिचा हात सैल सुटला. ज्या दिवसांत दादा खरोखर सुकत होता नेमक्या त्याच दिवसांत आईने काट्याचा आकडा खाली येऊ दिला नाही.

सिस्टर तिला रागावणार होत्या. अक्कांनी त्यांना हाताने थांबवले. आधी दादाला सलाईन लावले, आणि मग त्या आईजवळ जमिनीवर बसल्या.

"मावशी, नवस बोललात त्या दिवशी त्याच्या अंगात सगळं साठलेलं पाणी होतं. ती सूज होती. तुम्ही सुजेच्या वजनाचा गूळ देवाला देणार?"

आई विचारात पडली. "मग कंच्या दिशीचं वजन?"

"ज्या दिवशी तो आपल्या पायांनी देवळात चालत जाईल, त्या दिवशीचं. देवाला तेच पाहिजे असेल की."

मग त्यांनी माठातून तांब्या भरून आणला आणि आईच्या पुढे केला. "आता पाजा. तुमच्या हातानं. पोटभर."

आईने हात मागे घेतला. "मरंल की वो. तुमीच म्हनला हुता."

"तेव्हा म्हणाले होते. तेव्हा हे पाणी त्याच्या छातीत शिरत होतं. आज त्याला हेच औषध आहे."

आई तांब्याकडे आणि अक्कांकडे आळीपाळीने पाहत राहिली. माझा जीव टांगणीला लागला होता, कारण दादा डोळे उघडून तांब्याकडेच पाहत होता. शेवटी अक्कांनी आईचा हात धरला आणि तांब्या दोघींच्या हातांनी दादाच्या ओठांना लागला. तो थांबत थांबत प्यायला. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो आणि मनसोक्त रडलो.

संध्याकाळी अक्कांनी आम्हा सर्वांना बोलावले. त्या म्हणाल्या, "काटा खोटं बोलत नाही, असं मी तुम्हाला शिकवलं होतं. ते मागे घेते. आधी माणसाला हात लावा, मग काटा बघा. मी दोन दिवस उलटं केलं." एवढ्या वयाच्या, एवढ्या नावाच्या डॉक्टरांनी उमेदवारांपुढे हे बोलण्याचे काहीच कारण नव्हते. चूक आईवर ढकलून मोकळे होता आले असते. तेव्हापासून आमच्या वॉर्डात वजनाआधी अंथरूण झाडून घेण्याचा नियम आहे, आणि नव्या सिस्टरनाही तो "मावशीची घोंगडी झाडली का?" अशाच शब्दांत शिकवला जातो. आईला याचा भारी अभिमान आहे.

दादा बरा झाला. देवळात स्वतःच्या पायांनी गेला, गूळ वाहिला गेला. ते वजन आईला फारच कमी वाटले, आणि तिने वर एक ढेप टाकलीच.

सगळ्यांचा संप मिटत नाही, हेही मला अक्कांपाशीच कळले. ज्यांची मूत्रपिंडे आतल्या आत आकसून जातात त्यांना पोटातले पाणी काही दिवस पुरते. पुढे यंत्र लागते, ते जन्मभर लागते, नाहीतर दुसऱ्याचे मूत्रपिंड लागते, आणि या दोन्ही गोष्टी आजही आपल्या गावापासून फार लांब आहेत. शहराच्या पूर्व भागातल्या एका तेलुगू विणकराची तरुण बायको अशीच आली होती. अक्कांनी तिच्या नवऱ्याला खोटी आशा दाखवली नाही. त्याला मराठी नीट समजत नव्हते, म्हणून तेलुगू बोलणाऱ्या एका सिस्टरना जवळ बसवून त्यांनी ते हळूहळू, दोनदा सांगितले. शेवटच्या दिवसांत त्या बाईने पाणी मागितले तेव्हा अक्कांनी ते नाकारले नाही. मला वाटले होते नियम म्हणजे नियम. त्या म्हणाल्या, "नियम तिला वाचवायला होता. आता तिला वाचवत नाही, तर तो कशाला पाळायचा?" त्या दिवशी त्या घरी गेल्या तेव्हा मी फाटकापर्यंत सोबत चालत गेलो.

आता गूळतुलेविषयी. समितीत कुणी शाल सुचवली, कुणी मानपत्र, कुणी चांदीचे काहीतरी. मी गूळतुला म्हटल्यावर सगळे हसले, आणि सर्वांना वाटले की दादाच्या नवसाची आठवण म्हणून मी ती सुचवली. आईलाही तसेच वाटते. पहिली ढेप तिची असणार आहे, असे तिने परस्पर ठरवून टाकले आहे. समितीला माझी एक विनंती आहे. अक्का काट्यावर चढण्याआधी त्यांच्या अंगावरची शाल नीट झाडून घ्यावी आणि आईला पुढच्या रांगेत बसवू नये.

पण खरे कारण वेगळे आहे, आणि ते समोरासमोर सांगायची माझी छाती नाही, म्हणून छापून सांगतो. गेले काही महिने संध्याकाळी अक्का चपला काढतात तेव्हा पट्ट्यांचे खोल वळ पायांवर उमटलेले असतात. सकाळी त्यांच्या पापण्या जड दिसतात. "दिवसभर उभी असते रे," असे त्या म्हणतात. रक्तदाब मोजायला गेलो तर यंत्राचा पट्टा माझ्याच दंडाला बांधतात. तहानलेल्यांसमोर पाणी न पिण्याची रीत त्यांनी इतकी वर्षे, इतक्या उन्हाळ्यांत पाळली आहे, आणि त्या रीतीचे मी आत्ताच कौतुकाने वर्णन केले आहे. आता तीच मला झोपू देत नाही, कारण कोरड्या अंगात मूत्रपिंडांचे काय होते ते मी दादाच्या बाजेशी पाहिले आहे. कदाचित काही नसेलही. मी धास्तीराव आहे. पण भीती वाटली तर तोलून बघ, हे मला ज्यांनी शिकवले त्याच स्वतः काट्यावर चढायला तयार नाहीत, म्हणून मला अख्ख्या सोलापूरला जमवून त्यांना त्यावर बसवावे लागत आहे.

अक्कांना शंभर वर्षे आयुष्य लाभो असे या ग्रंथात सगळेच म्हणतील, आणि मीही मनापासून म्हणतो. त्यांचे पाय हलके राहोत, पापण्या हलक्या राहोत आणि वॉर्डात त्यांचा आवाज आणखी पुष्कळ वर्षे घुमत राहो. पण अक्का, एका दिवसाच्या वजनाने काही कळत नाही, दुसऱ्या दिवशीचेही लागते, हे तुमचेच शिकवणे आहे. म्हणून समारंभ आटोपला, गूळ वाटून झाला, लोक पांगले, तरी काटा कुणी हलवू नये असे मी इमामभाईंना सांगून ठेवले आहे. दुसऱ्या सकाळी, तिसऱ्या सकाळी आणि पुढे रोज तुम्ही त्यावर बसायचे. आधी मी तुमच्या पायांना हात लावून पाहीन, मग इमामभाई वजन पुकारतील. ते ऐकून झाल्यावर मला खुशाल "अंजब्याड" म्हणा. त्याआधी म्हणू नका.